तिसऱ्या पायाचा कान

'खटक्.'

एवढाच आवाज. माझ्या डोक्यावर झाला आणि माझ्याशेजारी उभा असलेला माणूस लहान मुलासारखा हसला. "आला! बरोबर आला!" असं म्हणाला. कोण आला, कुठून आला, मला काही कळलं नाही. मी चिखलात उभा होतो. एवढंच कळलं, की ते हसू त्या आवाजासाठी होतं, माझ्यासाठी नव्हतं. या गोष्टीला चाळीस वर्षं होऊन गेली, पण तो आवाज अजून माझ्या डोक्यात बसलाय.

मी स्टँड बोलतोय. कॅमेरा ठेवायचा तीन पायांचा लाकडी स्टँड. मला बोलायची सवय नाही, उभं राहायची आहे. तेव्हा जरा सावकाश बोलेन, चालवून घ्या.

माझा मालक एका दवाखान्यात कंपाउंडर होता. आठवडाभर बाटल्यांवर मात्रांच्या पट्ट्या चिकटवायचा, पुड्या बांधायचा, आणि रविवार उजाडला की सायकल काढून वस्तीबाहेर पडायचा. फोटोंचं वेड. लग्नांचे नाहीत, माणसांचे नाहीत. टेकडी, तळं, गवत, ढग, पाखरं. ओळखीच्या स्टुडिओवाल्याकडून त्याने वापरलेला कॅमेरा घेतला होता. पण पहाटेच्या कमी उजेडात हात जरा हलला तरी फोटो पुसट यायचे. म्हणून त्याने मेव्हण्याला गाठलं. मेव्हणा सुतार.

"भाऊजी, हे लाकूड ताईच्या स्टुलासाठी ठेवलंय," मेव्हणा म्हणाला. "दोन वर्षं मागतेय बिचारी. वरच्या फळीवरच्या डब्याला तिचा हात पुरत नाही."

"डबा मी काढून देत जाईन."

"तुम्ही? आणि रविवारी?"

मेव्हणा हसला आणि त्याने रंधा उचलला. असा मी मालकाच्या बायकोचं, म्हणजे बाईंचं, स्टूल व्हायचा, तो कॅमेऱ्याचे पाय झालो.

माझा प्रत्येक पाय खालून लांब होतो. तो हवा तिथे थांबवायला मेव्हण्याने सांध्यावर पितळेची एकेक चावी बसवली, कानाच्या पाळीसारखी चपटी. ती पिळली की पाय पक्का. "लक्षात ठेवा भाऊजी," तो म्हणाला, "याचे तिन्ही कान पिळल्याशिवाय हा सरळ उभा राहणार नाही. आमच्या भाच्यासारखंच आहे याचं."

तेव्हापासून दर रविवारी मालक माझे कान पिळायचा. एक, दोन, तीन. मला ते आवडायचं. त्याची बोटं औषधांच्या वासाची होती आणि हात हलका होता.

पण हातातला हलकेपणा खरा कोणासाठी होता, हे मला लवकरच कळलं. कॅमेऱ्याला मऊ फडकं, त्याच्यासाठी कातडी पेटी, त्याच्या काचेवर फुंकर मारायला रबराचा फुगा. सायकलवरून जाताना तो मालकाच्या छातीशी. मी मागे, दोन दोऱ्यांनी करकचून बांधलेला. घरी आल्यावर त्याची पुसापुशी अर्धा तास चालायची. माझ्या पायांचा चिखल मालक पायरीवर आपटून झाडायचा.

तळ्यात गुडघाभर पाण्यात मी उभा. टेकडीवर वारा सुटला की वाऱ्याला टेका देऊन मी उभा. उजेड यायची वाट बघत तासन् तास मी उभा. आणि 'खटक्' करायला तो! एवढ्याशा बोलण्याचं केवढं कौतुक! लोक फोटो बघायचे आणि विचारायचे, "वा, कोणता कॅमेरा?" कोणता स्टँड, असं मला आजपर्यंत कोणी विचारताना ऐकू आलेलं नाही. मी जळायचो. लाकडाने जळू नये, पण जळायचो.

घरात माझ्यासारखंच जळणारं आणखी एक माणूस होतं. बाई.

"आली का माझी सवत फिरून?" पेटी दिसली की बाई विचारायच्या.

"सवत कसली, कॅमेरा आहे तो."

"सवतच. मला कधी अशी फुंकर घातलीत का? आणि हा तिचा दीर," माझ्याकडे बोट दाखवून त्या म्हणायच्या. "माझं स्टूल खाऊन बसलाय मेला."

मला त्यांचा राग यायचा नाही. उलट वाटायचं, बोला, अजून बोला त्या पेटीला. माझ्या वाटचंही बोला.

एका सकाळी मालकाने गवताचा उतार टिपायचं ठरवलं. गवतात कोळ्यांची जाळी होती, सगळी दवाने भरलेली. ऊन पाठीमागून येत होतं, अगदी खालून. मालक त्या जाळ्यांत इतका हरवला, की स्वतःच्या पायांपुढे काय पसरलंय ते त्याला दिसलंच नाही. फोटो धुऊन आला तेव्हा स्टुडिओवाला हसायला लागला.

"अरे कंपाउंडर, सावली आली की! पहिलीच्या पोरासारखी चूक केलीस."

गवताच्या उतारावर दोन लांबच लांब सावल्या होत्या. एक मालकाची, एक माझी. आम्ही शेजारी शेजारी उभे, दोघेही सारख्याच उंचीचे. आणि कॅमेरा? तो माझ्या डोक्यावरचं गाठोडं वाटत होता! हजार फोटोंतला हा एकच फोटो, ज्यात मी आहे. मालक म्हणाला, "छ्या, वाया गेला," आणि त्याने तो खणाच्या तळाशी टाकला.

आता जे सांगायचं आहे, ते मी कधी कोणाला सांगितलेलं नाही.

वाचनालयाची नवी इमारत झाली होती. दाराजवळच्या मोठ्या भिंतीवर आपल्या तळ्याचा फोटो लावायचा, असं ठरलं होतं. ग्रंथपाल बाई दवाखान्यात आल्या आणि मालकाच्या हातात एक कागद देऊन गेल्या. घरी मालकाने तो मोठ्याने वाचला. "फोटो काढणाऱ्याचं नाव. ठिकाण. कॅमेरा." तिथे थांबून तो खुशीत म्हणाला, "बघ, याचंही नाव लागणार!"

कागद संपला. पुढे काही नव्हतं.

त्या आठवड्यात मी एकच गोष्ट मनात घोळवली. भिंतीवर त्याचं नाव लागणार. लोक वाचणार. मी कुठे?

रविवारी आम्ही तळ्यावर पोचलो तेव्हा धुकं उठत होतं. मालकाने मला काठावरच्या खडकावर उभं केलं. एक कान पिळला. दुसरा पिळला. तेवढ्यात धुक्यातून बगळ्यांची रांग आली, पाण्याला पंख लागतील इतकी खाली. त्याने घाईने कॅमेऱ्याला डोळा लावला. तिसरा कान राहिला.

हे आधीही झालं होतं. दोनदा, तीनदा. मालकाला कधी कळलंही नाही, कारण मी धरून ठेवलं होतं. ओलीने माझं लाकूड फुगलेलं असतं, जोर लावला तर पाय सांध्यात अडकून राहतो. त्या दिवशीही राहिला असता. बगळे जाईपर्यंत नक्कीच राहिला असता.

मी जोर लावला नाही.

पाय सरकला आणि मी त्याला घेऊन खडकावर कोसळलो. 'खटक्' झालाच नाही. काच फुटल्याचा आवाज झाला, आणि त्यापाठोपाठ बगळ्यांच्या पंखांचा. मालक खडकावर बसला. हातात तो कॅमेरा, मी बाजूला आडवा. मला वाटलं, आता लाथ बसेल. बसली असती तर बरं झालं असतं.

"याचं आता काही होत नाही," स्टुडिओवाला म्हणाला. "स्टँडने दगा दिला तुला."

"स्टँडला काय कळतंय? तिसरी चावी मीच पिळली नाही. घाई केली."

बाईंनी त्या दिवशी सवतीचं नाव काढलं नाही. चहाचा कप मालकापुढे ठेवला आणि जवळ बसून राहिल्या. मी कोपऱ्यातून बघत होतो. माझ्या बाजूचं माणूसही आता माझ्या बाजूला उरलं नव्हतं.

वाचनालयाच्या भिंतीवर सूचनाफलक लागला. नवा कॅमेरा घ्यायचं मालकाने मनावर घेतलं नाही. रविवारी तो घरीच असायचा. वरच्या फळीवरचे डबे न सांगता काढून द्यायचा, आणि बाई म्हणायच्या, "जा हो कुठेतरी. घरात असलात की पायात पायात येता."

तो निवृत्त झाल्यावर मुलीने त्याला एक छोटा कॅमेरा आणून दिला. "बाबा, हा नुसता हातात धरायचा. हात हलला तरी फोटो हलत नाही." म्हणजे माझं सगळं आयुष्य त्यांनी त्या डबीत भरलं होतं! मला पुन्हा जळायचं होतं. पण कोणत्या तोंडाने जळणार?

हल्ली मी व्हरांड्यात असतो. बाईंनी माझ्या डोक्यावर एक फळी ठोकून घेतली आणि तिच्यावर कुंडी ठेवली. "शेवटी आलास ना माझ्या कामाला," असं म्हणाल्या. आता त्यांचा माझ्यावरचा रागही गेलाय.

इथून खिडकीतून आत दिसतं. बाईंच्या शिलाई मशीनच्या वर भिंतीवर एक चौकट आहे. खण आवरताना त्यांना तो वाया गेलेला फोटो सापडला, आणि त्यांनी तो लावून घेतला.

"अगं, तो कशाला लावलास? चुकलाय तो," मालक म्हणाला होता.

"एवढे डोंगर काढलेत, एवढी तळी काढलीत. तुम्ही कुठे आहात सांगा बरं एकात तरी? यात आहात."

परवा शेजारीण आली होती. तिने विचारलं, "यांच्या बाजूला हे कोण उभं आहे?"

"तो होय?" बाई दोरा ओवता ओवता म्हणाल्या, "तो आमच्या घरचाच आहे."

जे ऐकायला मी जन्मभर जळलो, ते ऐकलं. आणि मला माझ्या तीन पायांवर उभं राहवेना.

कारण रोज सकाळी काय होतं, ते तुम्हाला सांगतो. मालक आता काठी घेऊन चालतो. तरी फिरायला निघताना तो माझ्यापाशी थांबतो, वाकतो आणि माझा तिसरा कान पिळतो. तो पक्काच असतो. काल पिळलेला असतो, परवा पिळलेला असतो. माझ्यावर फक्त एक कुंडी आहे. तरी तो पिळतो, आणि एकदा हलवून बघतो.

मालक, पुरे आता. तुमचं काही चुकलं नव्हतं. राहून गेलेलं मी सांभाळू शकत होतो, आणि मी सांभाळलं नाही. त्या कॅमेऱ्यावर तुमचा जीव होता म्हणून. हे तुम्हाला सांगायला मला एक 'खटक्' एवढा तरी आवाज हवा होता.

आज सकाळीही तो आला. काठी भिंतीला टेकवली, हळूहळू वाकला. कान पिळला. पुन्हा एकदा पिळला. कुंडीतलं एक वाळलं पान काढून खिशात टाकलं. मग काठी घेतली आणि पायऱ्या उतरून गेला.