जहाजाची वेळ

डेपोत मला मिनिटसाहेब म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. मला त्याचा कधी राग आला नाही, उलट बरंच वाटायचं. चौतीस वर्षं बसस्टँडवर कंट्रोलर होतो. गाडी फलाटाला लावायची आणि वेळेवर सोडायची, एवढंच काम. पण एवढंच काम नीट करणारी माणसं किती असतात ते मला विचारा. चारला पाच कमी असताना चहा प्यायला गेलेले ड्रायव्हर मी कॉलर धरून आणलेत. दोन चिमुकल्या पोरांना घेऊन धावत येणाऱ्या बाया बघितल्यात, आणि गाडी सोडली आहे. गाडीत पन्नास माणसं बसलीत, एकासाठी थांबवली तर बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? हे माझं वाक्य. डेपोतले लोक माझी नक्कल करायचे तर हेच वाक्य म्हणायचे.

निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी सवय कुठे जाते? तर आमच्या लेकीने यंदा डोक्यात घेतलं, की आईबाबांना मोठ्या जहाजावर फिरायला पाठवायचं. मी म्हटलं, पाण्यावर काय बघायचं? पाणीच ना? लेक म्हणाली, ‘बाबा, तुमच्यासाठी नाहीच, आईसाठी आहे. तिने जन्मात कधी सुट्टी घेतली का?’ बायकोने त्याच संध्याकाळी माळ्यावरून बॅग काढून पुसायला घेतली, म्हणजे काय ते मी समजलो.

जहाज म्हणजे काय सांगू, आडवं घातलेलं गावच. सोळा मजले. चौदाव्यावर पोहायचा तलाव, आठव्यावर नाटकगृह, आणि कुठल्या तरी मजल्यावर चक्क बर्फावर घसरायची सोय. समुद्राच्या मधोमध बर्फ! चार हजार माणसं आणि सगळी दिवसभर खातायत. आमची खोली नवव्या मजल्यावर. बायको पहिल्या दिवशी दर तासाला बाहेरच्या सज्जात जाऊन बघून यायची, समुद्र आहे ना म्हणून. ‘अहो, भांडी घासायची नाहीत, स्वयंपाक नाही, मला तर हातांचं काय करावं तेच कळत नाही,’ म्हणायची आणि हसायची. तिला इतकं हसताना मी बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं.

मला मात्र त्या जहाजाची एकच गोष्ट आवडली. ते वेळेवर सुटायचं. बंदराला लागलं की लोक गाव बघायला उतरायचे. प्रत्येकाला एक कार्ड दिलेलं. उतरताना ते यंत्रावर टेकवायचं, परत येताना टेकवायचं. कोण आत, कोण बाहेर, सगळं पडद्यावर फोटोसकट दिसायचं. पाचला सगळ्यांनी आत यायचं, साडेपाचला जहाज सुटणार. म्हटलं, वा, इथे कोणीतरी आपल्या जातीचा माणूस बसलेला आहे.

दुसऱ्या बंदरात गंमत झाली. साडेपाच वाजत आले आणि वरच्या मजल्यावर कठड्याशी ही गर्दी. खाली धक्क्यावर एक जोडपं पळत येत होतं. बाईच्या दोन्ही हातांत पिशव्या, पुरुषाची टोपी उडालेली. वरून लोक ओरडतायत, शिट्ट्या मारतायत, टाळ्या वाजवतायत. पण उतरायचा पूल काढून घेतला होता. जहाज सुटलं. दोघं धक्क्याच्या टोकाशी येऊन थांबली, बाई मटकन खाली बसली. लोक हसले. मीही टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू. ‘बरं झालं,’ म्हटलं, ‘आता जन्मात उशीर करणार नाहीत.’

बायको म्हणाली, ‘नका हो हसू.’ आणि आत निघून गेली. जेवायच्या वेळेपर्यंत बाहेर आली नाही.

का गेली ते मला चांगलं ठाऊक होतं. एकतीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मंगळवार होता. तिचे वडील अत्यवस्थ असल्याचा निरोप डेपोच्या फोनवर आला, पावणेचारला. माहेरच्या गावाला जाणारी गाडी चार दहाची, त्यानंतर थेट सकाळी सहाची. मी शिपायाला घरी पिटाळलं. चार दहा झाले. गाडी सोडली. चार अकराला ही स्टँडच्या दारातून आत आली, चार वर्षांची लेक कडेवर, एका चपलेचा अंगठा तुटलेला, ती फरफटत. गाडी अजून फाटकातून वळत होती. दोनदा शिट्टी वाजवली की ड्रायव्हरने थांबायचं, असा नियम. माझ्या ऑफिसाच्या खिडकीत चार ड्रायव्हर उभे होते, माझ्याकडे बघत. साहेब बायकोसाठी गाडी थांबवतो का, एवढंच त्यांना बघायचं होतं. मी नाही वाजवली. गाडी गेली.

ती जवळ आली तेव्हा मी म्हटलं, ‘शिट्टी आत ड्रॉवरमध्ये राहिली, नाही तर थांबवली असती.’ ती सकाळच्या गाडीने गेली. नऊला पोचली. वडील पहाटेच गेले होते.

तिने मला एका शब्दाने विचारलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. फक्त त्यानंतर ती माझ्याबरोबर कुठेही जायचं झालं, की अर्धा तास आधी चपला घालून दारात उभी असायची.

तर पाचव्या दिवशी तिसरं बंदर. खाली उतरलो तर समोर बंदराच्या कचेरीवर भलंमोठं घड्याळ, आणि आमच्या घड्याळांपेक्षा बरोबर एक तास मागे. म्हटलं, गाव बदललं, वेळ बदलली. मी माझं घड्याळ लावलं. ‘आण तुझं,’ म्हटलं.

‘अहो, काल स्पीकरवर काहीतरी सांगत होते,’ ती म्हणाली. ‘जहाजावरची वेळ काहीतरी...’

‘घड्याळाचं तू मला शिकवू नकोस.’

तिने मुकाट्याने हात पुढे केला. मी तिचेही काटे तासभर मागे घेतले.

गाव टेकडीवर होतं, बसने अर्धा तास. दुपारपर्यंत हिंडलो. मग एका गल्लीत तिला बटणांचं दुकान दिसलं. नुसती बटणं! भिंतभर लाकडी ड्रॉवर, प्रत्येकावर एकेक बटण शिवून लावलेलं. हिने घरी बसून आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले, तिला तिथे देवच भेटला. एकेक ड्रॉवर ओढून बघत बसली. दुकानदारीण म्हातारी, हिची भाषा तिला येईना, तिची हिला येईना, पण दोघींचं छान चाललं होतं. मी अर्धा तास ताटकळत उभा होतो.

‘घरी काय बटणं नाहीत?’ म्हटलं.

‘तुम्ही जा ना पुढे. मी येते मागाहून. मला हे सगळे बघायचेत.’

‘पाचची वेळ आहे. म्हणजे साडेचारला जहाजापाशी पाहिजे. अर्धा तास हाताशी ठेवायचा.’

‘साडेचारला येते,’ ती म्हणाली. मान वर न करता.

मी परतलो. कार्ड टेकवलं, खोलीत आलो. तिचा फोन टेबलावर चार्जिंगला तसाच लावलेला होता. जहाजावरच्या कापडी सपाता पायात घातल्या आणि जरा आडवा झालो. उठलो तेव्हा माझ्या घड्याळात चार वाजून गेले होते. वर जाऊन बघावं म्हटलं, आज कोण पळत येतंय ते.

वर कठड्याशी गर्दी होतीच. स्पीकरवर सांगत होते, प्रवेश बंद होतोय. मी शेजारच्या गृहस्थाला म्हटलं, ‘काय हो, तासभर आधीच ओरडायला लागले?’ तो म्हणाला, ‘तासभर कसला? पाच दहा झालेत.’ मी म्हटलं, ‘चार दहा. गावात घड्याळ बघून लावलंय.’ तो हसला. ‘गावात असेल चार. जहाजाची वेळ कुठे बदलते? निघताना होती तीच.’

मी लिफ्टकडे धावलो.

लिफ्टसमोर ही रांग. मी जिन्याने सुटलो. तेराव्या मजल्यापासून तिसऱ्यापर्यंत, अडुसष्टाव्या वर्षी, त्या सपाता घालून. दोनदा पाय घसरला. खाली पोचलो तर पुलापाशी एक अधिकारी बाई उभी, पांढरा गणवेश, हातात यादी. पडद्यावर एकच फोटो राहिला होता. माझ्या बायकोचा. कार्डासाठी काढलेला, त्यात ती जरा घाबरलेली दिसते.

‘बाई, ती येतेय,’ मी म्हटलं. ‘तिची चूक नाही. घड्याळ मी चुकीचं लावलंय. साडेचारला, म्हणजे तुमच्या साडेपाचला, ती इथे असणार. ती वेळेची पक्की आहे. दहाच मिनिटं थांबा.’

‘साहेब, साडेपाचला सुटायचं म्हणजे पूल आधी काढावा लागतो,’ ती शांतपणे म्हणाली. ‘आत चार हजार माणसं आहेत. एकासाठी थांबवलं तर कसं चालेल?’

मी हात जोडले. खरंच जोडले. आजवर माझ्यासमोर किती लोकांनी जोडले असतील, मी कधी त्यांच्या हातांकडे बघितलंही नव्हतं. ती उद्धट नव्हती हो. तिच्या जागी मी असतो तर हेच बोललो असतो, किंबहुना बोललोच होतो. राग तरी कोणावर काढायचा?

तिच्या हातात आमचं पासपोर्टचं पाकीट होतं. आमच्या खोलीच्या तिजोरीतून काढून आणलं होतं, मागे राहणाऱ्याचा पासपोर्ट बंदरातल्या माणसाकडे देण्यासाठी. बायकोने दोघांचे पासपोर्ट एकाच पाकिटात ठेवले होते. ती बाई माझा पासपोर्ट बाजूला काढायला लागली.

‘राहू दे दोन्ही,’ मी म्हटलं. ‘द्या इकडे.’

‘उतरलात तर परत चढता येणार नाही.’

‘माहीत आहे मला. असल्या गोष्टी मला माहीत असतात.’

पाकीट घेतलं, कार्ड टेकवलं आणि उतरलो. वरून लोकांच्या टाळ्या पडल्या. एक म्हातारा सपाता घालून जहाजाकडे नाही, उलटा चाललाय, त्यांना मोठी मजा वाटली असणार. माझ्यामागे पूल ओढून घेतला. दोर सुटले. मी मनगटावर बघितलं. चार तीस. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही.

तीन मिनिटांनी ती आली. बसमधून उतरून, दुखऱ्या गुडघ्यावर जमेल तेवढ्या घाईने. हातात कागदाची छोटीशी पिशवी. मला लांबून बघितलं आणि तिथूनच बोलायला लागली, ‘रागावू नका हो, तीन मिनिटं उशीर झाला, बस मध्येच थांबली...’ मग तिचं लक्ष माझ्या मागे गेलं. जहाज धक्क्यापासून शंभर हात लांब गेलं होतं.

तिने घड्याळ बघितलं. मग मला बघितलं. ‘पाचची वेळ होती ना?’

‘होती. जहाजाच्या घड्याळात. आपली मी चुकीची लावली.’

‘मग तुम्ही इथे कसे?’

‘तू राहिली होतीस ना.’

ती धक्क्यावरच्या लोखंडी खुंटावर बसली. पिशवीचं तोंड नीट दुमडत राहिली. वरच्या मजल्यावरचे लोक आता ओळखू येत नव्हते. मला वाटलं, ही आता रडेल, किंवा भांडेल, आणि भांडली तर बरं होईल.

मी म्हटलं, ‘त्या दिवशी शिट्टी ड्रॉवरमध्ये नव्हती. माझ्या हातात होती.’

‘माहीत आहे,’ ती म्हणाली. ‘दिसली होती मला. लाल दोरी होती तिची. बोटाला गुंडाळली होती तुम्ही.’

‘मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?’

‘काय बोलायचं? तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते.’

मला रडू फुटलं. भर बंदरावर, दिवसाढवळ्या, माल उतरवणारी माणसं बघतायत, आणि मी लहान पोरासारखा हमसून रडतोय. तिने मला थोपटलं नाही की उगी म्हटलं नाही. रडू दिलं. मग उठली, पदराने माझा चेहरा पुसला, जरा जोरातच, लेकीचा पुसायची तसा.

‘पुरे आता. बाबाही गेले, जहाजही गेलं,’ म्हणाली. मग माझ्या पायांकडे बघितलं. कापडी सपाता ओल्या होऊन उसवल्या होत्या. ‘आधी तुम्हाला चपला घ्यायला पाहिजेत. दुकानं किती वाजेपर्यंत उघडी असतात इथे?’

मी सवयीने मनगट वर केलं आणि तसंच खाली सोडलं.

‘मला नाही माहीत,’ म्हटलं.