यादीतला नऊ नंबर

"हिरवी खूण आली ना, बाई? मग झालं," साहेब म्हणाले आणि पुन्हा पाण्याच्या आकड्यांकडे वळले.

खूण आली होती. धरणाच्या नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर एकशे त्रेचाळीस फोन नंबर होते आणि प्रत्येकापुढे हिरवी खूण. बारा वाजता दरवाजे उघडणार, नदीकाठ सोडा, असा निरोप दहा मिनिटांत सगळ्या घरी पोचला होता. एका मुलीच्या गोड आवाजात, आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवलेला. गेल्या वर्षापर्यंत हे काम टेलिफोनबाई एकट्या करायच्या. अडीच तास लागायचे आणि दोन दिवस घसा बसायचा.

"साहेब, नऊ नंबरनं निरोप ऐकलेला नाही."

"कशावरून?"

"निरोप चाळीस सेकंदांचा आहे. त्यांच्यापुढे सहा सेकंद दिसतायत. मशीन बोलायला लागलं की ते फोन ठेवून देतात. मला त्यांनीच सांगितलंय."

"मग लावा तुम्ही."

बाईंनी तीनदा लावला. घंटा वाजत राहिली, कोणी उचलला नाही. शेजारचा आठ नंबर लावला, तो सारखा व्यस्त.

बावीस वर्षं ही यादी बाईंच्या ताब्यात होती. दर वर्षी पावसाच्या आधी त्या प्रत्येक नंबर फिरवून बघायच्या. "नंबर बदलला नाही ना?" "नाही." खट्. बहुतेकांशी बोलणं एवढंच. रस्त्यात भेटले असते तर त्यांना बाईंनी ओळखलं नसतं, पण आवाज ऐकला की घर कुठलं आणि नदीपासून किती पावलांवर, हे त्या झोपेतही सांगू शकल्या असत्या. त्यांचं स्वतःचं नाव मात्र यादीत नव्हतं. त्यांची खोली धरणाच्या वरच्या अंगाला. तिथे कोणी सावध करायची गरज नव्हती. त्यांच्या घरचा फोन वाजलाच तर बहुधा चुकून लागलेला असे.

नऊ नंबर म्हणजे जुन्या पंपघरातले काका. नवी पाणीयोजना झाल्यावर पंप बंद पडला, काका तिथेच राखणदार म्हणून राहिले. बायको गेलेली, लेक दूरच्या शहरात. "बोला बाई, तुमचीच वाट बघत होतो," असं यादीतलं एकच माणूस म्हणायचं. मग पंपाच्या मोटारीची खुशाली. मोटार त्यांच्या लेखी घरातलीच. "यंदा तिला जरा खोकला झालाय, पण फिरते अजून." बाईही त्यांना गुडघ्यांचं सांगायच्या, जे भावालाही कधी सांगितलं नव्हतं. यादी क्रमानं फिरवायची असा नियम होता. बाई नऊ नंबर शेवटी ठेवायच्या, म्हणजे पुढे घाई नको. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी केलेली लबाडी ती एवढीच.

पावणेबारा झाले. आठ नंबर अजून व्यस्तच होता. धरणाचा भोंगा चार किलोमीटरपर्यंत ऐकू जायचा, पंपघर सहावर.

"साहेब, पाऊण तास द्या."

साहेब वयानं बाईंपेक्षा वीस वर्षांनी लहान, दोन दिवस खुर्चीतच होते. ते चिडले नाहीत. "बाई, वरचा पाऊस थांबत नाहीये. पूर अडवायला धरणात जागा लागते, आणि ती आत्ता केली नाही तर तीन वाजता दुप्पट पाणी सोडावं लागेल. भिंतीवरून पाणी गेलं तर यादी राहू द्या, खालचं अख्खं शहर जाईल."

"माहीत आहे मला."

साहेबांनी आलेखाकडे पाहिलं, बोटांवर काहीतरी मोजलं. "दोनच दरवाजे, एकेक फूट. बाकीचे पाऊण तासानं. त्यापुढे एक मिनिटही मागू नका."

बाईंनी नोंदवही पुढे ओढली. "कोणाच्या सांगण्यावरून लिहू?"

"माझ्या. सही मला करायचीय."

साडेबाराला आठ नंबर लागला. ही रोपवाटिकावाली, बोलायला फटकळ.

"टेम्पोवाल्यालाच फोन लावत होते इतका वेळ, येत नाहीये मेला. बोला लवकर."

"पंपघरातले काका निघाले का?"

"मला काय माहीत? मी माझी रोपं उचलू का म्हातारा शोधू?"

"दोन्ही जमणार नाही तुम्हाला, कळतंय मला," बाई म्हणाल्या. "म्हातारा शोधा."

पलीकडे काहीतरी धाडकन खाली ठेवल्याचा आवाज. मग भराभर पावलं, वारा, धापा. बाईंनी फोन कानाशी इतका घट्ट धरला की कान दुखायला लागला.

"दिसले. खाली नदीत, मोटारीच्या कट्ट्यावर वाकलेत, हातात पाना आहे. अहो काका! ऐकू जात नाहीये. पाणी कट्ट्याला लागलंय. उतरू का मी?"

उतरा म्हणायचा बाईंना अधिकार नव्हता. उतरू नका हे तोंडातून निघेना. तेवढ्यात दगडांवरून चपला घसरल्याचा आवाज आला.

"धरा. तुमच्या टेलिफोनबाई आहेत."

"बाई? आज कशी काय आठवण झाली?"

"काका, वर या. आत्ताच्या आत्ता."

"मोटार सोडवतोय. अर्धा तास दिलात की निघेल."

"अर्धा तास नाहीये."

"तुम्हीच सोडता ना पाणी? मग सांगा की त्यांना, थांबा म्हणावं."

"थांबवलं होतं काका. आता दहा मिनिटं उरलीत."

पाण्याचा आवाज स्पष्ट येत होता. मग पाना दगडावर पडल्यासारखं काही वाजलं. "चल बाई, हात दे," ते रोपवाटिकावालीला म्हणाले, आणि फोन बंद झाला.

पावणेएकला बाकीचे दरवाजे वर गेले. सव्वातीनला ते आणखी दोन फूट उचलावे लागले. ठरवल्यापेक्षा जास्त. साहेबांनी तो आकडा नोंदवहीत स्वतःच लिहिला. दुसऱ्या दिवशी धरण सुखरूप होतं, शहर सुखरूप होतं, यादीतलं एकही माणूस दगावलं नव्हतं. नऊ नंबर मात्र लागत नव्हता.

दहा दिवसांनी, सुट्टीच्या सकाळी, बाई बसमध्ये बसल्या. पंपघर धरणापासून जेमतेम सहा किलोमीटर. बावीस वर्षांत त्या कधी तिकडे गेल्या नव्हत्या. रोपवाटिकेच्या फाटकाशी उभं राहून त्यांनी विचारलं, "पंपघराची वाट कुठली हो?"

चिखल उपसणारी बाई वळली. "टेलिफोनबाई! आवाज लगेच ओळखला. मला वाटायचं तुम्ही चांगल्या उंच असाल."

"काका आहेत?"

"तिसऱ्या दिवशीच लेक येऊन घेऊन गेली. मोटार वाहून गेली म्हणून दोन दिवस जेवले नाहीत. पाणी उतरल्यापासून लेक येईपर्यंत खाली कट्ट्यावरच काहीतरी घासत बसले होते."

"माझ्यासाठी काही निरोप?"

तिनं नकारार्थी मान हलवली. "नंबरही ठेवला नाही. लेक घाईत होती."

बाईंनी फाटकाच्या आत पाहिलं. खालचे दोन वाफे नव्हतेच. तिथे सपाट, भेगा पडलेला गाळ होता.

"पाणी कुंपणाच्या तिसऱ्या तारेच्या वर जाणार नाही, असं तुम्ही दर वेळी सांगायच्या," ती म्हणाली. "या वेळी पाचवीच्या वर गेलं."

बाई गप्प राहिल्या असत्या तर तिला कधीच कळलं नसतं. "तो पाऊण तास मी मागून घेतला होता," त्या म्हणाल्या. "तेवढं पाणी मग एकदम सोडावं लागलं."

"काकांसाठी?"

"हो."

ती हातातली कुंडी पुसत राहिली. "मग ठीक आहे, असं मी म्हणणार नाही. चार वर्षांची कलमं होती माझी." कुंडी पालथी घालून तिनं हात झटकले. "जाऊन या खाली. तोवर चहा टाकते."

पंपघराच्या भिंतीवर गाळाची रेघ बाईंच्या डोक्याच्या हातभर वर होती. आत खाट उलटी पडलेली. बाई जपून पायऱ्या उतरल्या. नदी आता खाली, मुकाट वाहत होती. काठावर सगळीकडे चिखल होता, फक्त मोटारीचा कट्टा कोणीतरी खरवडून स्वच्छ धुतलेला होता. मोटार नव्हती. सिमेंटातून चार बोल्ट वर आलेले होते, आणि गंज चढू नये म्हणून चारही बोल्टांना ताजं ग्रीस लावून वर चिंध्या बांधल्या होत्या.

"चहा झालाय!" वरून हाक आली.

"आले," बाई म्हणाल्या. एक चिंधी जरा सैल झाली होती. त्यांनी वाकून तिची गाठ पक्की केली आणि मग गुडघ्यावर हात देऊन हळूहळू उभ्या राहिल्या.