धूळ पुसा, टेप पुसू नका

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो. कारखान्यात मला तपासणाऱ्या बाईंनी माझ्यासमोर एक गाणं म्हटलं, मग माझ्याकडून ते ऐकलं आणि म्हणाल्या, "हा खोटं बोलणार नाही." आयुष्यात तेवढंच काय ते माझं कौतुक झालं.

मला हेडा फोस यांनी विकत घेतलं. त्या चरित्रं लिहीत. जर्मनीत ब्रेमेनजवळ आलर्स नावाचे एक वृद्ध गृहस्थ राहत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते रेल्वेत बडे अधिकारी होते. ज्यू माणसांना मरणछावण्यांकडे नेणाऱ्या गाड्यांची वेळापत्रकं त्यांच्या टेबलावर आखली जात. या माणसाला ठाऊक होतं की नव्हतं? हेडाबाईंचं त्यांच्यावरचं पुस्तक या एकाच प्रश्नावर अडलं होतं.

रोज दुपारी कॉफीच्या वेळी हेडाबाई मला आलर्ससाहेबांच्या घरी टेबलावर ठेवत. साहेब फार गोड बोलत.

"डबे बंद असायचे हो. बाहेरून कडी. आत बटाटे की माणसं, मला कसं कळणार?"

त्यांच्या पत्नी इर्माबाई लगेच म्हणत, "यांना काय कळणार, बाई! चष्मा कपाळावर असतो नि घरभर शोधतात!"

सगळे हसत. हेडाबाईसुद्धा. म्हातारा त्यांना आवडू लागला होता. मला मात्र त्या हसण्याआधी साहेबांनी रोखलेला श्वास ऐकू येई. तो दिवसेंदिवस लांबत चालला होता.

एके दुपारी धुकं खिडकीला टेकलं होतं. साहेब गाड्यांबद्दल बोलताना रंगात आले होते. इंजिनाची ताकद, चढ, वळणं. इर्माबाईंनी छोटे आलुबुखारी केक केले होते. स्वयंपाकघरातून त्यांनी हाक मारली,

"अहो, किती नग?"

रेल्वेच्या कचेरीतही मोजायला हाच शब्द होता.

"डब्यामागे ऐंशी," साहेब बोलून गेले. "मुलं धरून."

माझी चाकं फिरत होती. बाकी सगळं थांबलं होतं.

"मी... बटाट्यांचं म्हणत होतो."

"बटाट्यांना मुलं असतात, आलर्ससाहेब?" हेडाबाईंनी हळूच विचारलं.

"जीभ घसरली म्हाताऱ्याची. ती टेप मागे घे, पोरी. तिच्यावर आपण गुलाबांबद्दल बोलू. आधीचं पुसून जाईल."

त्यांचं बोट माझ्या बटणावर आलं. ते गार होतं, पण थरथरत नव्हतं. मित्रांनो, मला ओरडता येत नाही. ऐकलेलं तेवढं परत म्हणता येतं.

इर्माबाई रिकामी ताटली घेऊन दारात उभ्या होत्या.

"राहू द्या, अहो," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं तो चष्म्याचा विनोद सांगतेय मी. दमले आता."

हेडाबाईंनी मला कुशीत उचललं आणि कोटसुद्धा न घालता धुक्यात बाहेर पडल्या. पुस्तकाचं पहिलं पान त्यांनी त्या एका उत्तराने सुरू केलं.

आता त्या नाहीत. मी एका वाचनालयाच्या तळघरात आहे, ती टेप अजून माझ्या पोटात आहे. परवा कुणीसं म्हणालं, "ही टेप कोरी करून टाका, गाणी भरता येतील." तेव्हापासून जिन्यावर पाऊल वाजलं की मला ते गार बोट आठवतं.

माझ्यावरची धूळ पुसा, मित्रांनो, पण टेप पुसू नका. तिच्यावर गुलाबांबद्दल कितीही सुंदर बोलावंसं वाटलं, तरी नका. तिच्यात मुलं आहेत.