हवा मानवत नाही

ही गेल्यावर मला घरात करमेना. दुकानातही हात चालेना. आमच्या गावात उन्हाळ्यात उकडतं आणि हिवाळ्यात गारठतं, त्यामुळे माझं दुकान बारा महिने चालायचं. उन्हाळ्यात पंखे दुरुस्त करायचे, हिवाळ्यात हीटर. आता गिऱ्हाईक आलं की वाटायचं, हे कशाला आलं.

शेजारच्या शिंप्याला माझा गाळा कधीपासून हवा होता. त्याला म्हटलं, "मुलांकडे जाऊन येतो. कुणाकडे राहायचं ते ठरलं की गाळा तुझा."

थोरला मुलगा डोंगराकडच्या थंड शहरात असतो. मुलगी, चिमी, लग्न होऊन समुद्राकडच्या गरम गावी गेली. मी दोघांनाही फोन केला.

चिमी म्हणाली, "बाबा, तुम्ही दादाकडे राहा. तिकडची थंड हवा चांगली, भूक लागते, झोप लागते. इथे नुसता घाम पुसत बसाल."

थोरला म्हणाला, "बाबा, तुम्ही चिमीकडे राहा. गुडघ्यांना ऊब पाहिजे. इकडच्या थंडीत आखडून जाल."

फोन ठेवला आणि मनात म्हटलं, इथे कुठंतरी पाणी मुरतंय. माणूस हवा असला की लोक आपल्या गावची हवा वाखाणतात. ही दोघं एकमेकांच्या गावची वाखाणत होती.

आधी थोरल्याकडे गेलो. सून चांगली आहे, पण जरा जास्तच चांगली वागत होती. सकाळी उठलो की स्वेटर, त्यावर शाल, त्यावर कानटोपी.

"बाबा, खोकला येतोय का?"

"नाही."

"येईल. या हवेत येतोच."

थोरला ऑफिसातून आला की पहिलं बघायचा ते माझ्या गुडघ्यांकडे. मी ताठ उभा राहायचो, तरी म्हणायचा, "लंगडताय तुम्ही."

दिवसभर ती दोघं बाहेर. मी खिडकीशी बसून समोरच्या गच्चीवरचे कपडे बघायचो. ते वाळायचे नाहीत आणि माझा वेळ जायचा नाही. एक दिवस हॉलमधला हीटर उघडला. त्याला काही झालं नव्हतं. पुन्हा लावला.

जेवताना मी मुद्दाम म्हणालो, "मला इथली थंडी फार आवडली. इथेच राहीन म्हणतो."

थोरल्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने ताटाकडे पाहिलं. मग थोरला म्हणाला, "आधी चिमीकडची हवा तर बघून या. मग ठरवू."

चिमीकडे गेलो तर तिथे दुसरंच टोक. स्टेशनवर जावयांनी माझी बॅग घेतली आणि म्हणाले, "दमलात ना? इथे काही न करताच दमायला होतं." घरी पोचतो तोच चिमीने पंखा पाचावर केला, ओला टॉवेल दिला आणि माझ्याकडे अशी बघत बसली की जणू मी आता वितळणार.

तिच्याकडचा पंखा कुरकुरत होता. बेअरिंग गेलं होतं. मी ते बदललं. मग स्वयंपाकघरातला पंखा साफ केला. मग वरच्या मजल्यावरच्या बाई त्यांचा टेबलफॅन घेऊन आल्या. आठवडा बरा गेला, पण माझा डोळा चिमीवर होता. रोज चहा देताना ती म्हणायची, "पुढच्या महिन्यात तर अंगाची लाही होते, बाबा."

एका सकाळी मी कप खाली ठेवला. "चिमे, स्पष्ट बोल. मी नकोय ना तुम्हाला?"

"असं काय बोलता?"

"मग ताकाला जाऊन भांडं मी लपवतोय का तुम्ही? दादा म्हणतो चिमीकडे जा, तू म्हणतेस दादाकडे जा. मी काय टपालातलं पाकीट आहे?"

तिचे डोळे भरले. मला तेही खरं वाटेना. लहानपणी फुलदाणी फोडली तरी ती आधी रडून घ्यायची.

"आईने सांगितलं होतं," ती म्हणाली. "हॉस्पिटलमध्ये. म्हणाली, यांना तुमच्याकडे नेऊ नका. दुकान सुटलं तर हा माणूस भिंतीकडे बघत बसेल आणि वर्षभरात संपेल. तोंडावर नाही म्हणालात तर हट्टाने येतील. हवेचं निमित्त करा. एकमेकांकडे बोट दाखवा. चिडतील आणि घरी जातील."

मेलेल्या माणसाची साक्ष काढणं फार सोयीचं असतं. तिला कोण विचारायला जाणार?

भाजी आणायला म्हणून बाहेर पडलो आणि रस्त्यातूनच थोरल्याला फोन लावला. चिमीचा फोन आधी जायला नको.

"आई हॉस्पिटलमध्ये तुला काय म्हणाली होती?"

तो म्हणाला, "चिमीने सांगितलं वाटतं. तिच्या पोटात काही राहत नाही."

"ते राहू दे. काय म्हणाली?"

त्याने तेच सांगितलं. भिंतीकडे बघण्याचंसुद्धा. इतकं जुळलं की मला आणखीच खटकलं. दोघांनी घोकून ठेवलं असेल.

"मी कुठे होतो तेव्हा?"

"तुम्ही सफरचंदं आणायला गेला होतात. आईने पाठवलं होतं."

तेव्हा मी रस्त्याच्या कडेला उभाच राहिलो. तिला त्या दिवसांत पाणी गिळवत नव्हतं. तरी सफरचंदं आणा म्हणाली, आणि लाल बघून आणा, घाई करू नका म्हणाली. मी तीन दुकानं हिंडलो होतो. परत आलो तर मुलं दोन्हीकडे बसलेली, आणि ही डोळे मिटून पडलेली. सफरचंदांकडे तिने बघितलंही नाही.

मला न विचारता हिने माझं सगळं ठरवून टाकलं होतं. इतका राग आला की भाजी न घेताच परतलो.

चिमी दारातच होती. "बाबा, मला आता हवेबिवेचं बोलायचं नाही. आईचं ऐकलं, ते चुकलं असेल. तुम्हाला राहायचं असेल तर ही खोली तुमची."

मी जावयांकडे पाहिलं. बायकोच्या मागे उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा बघावा, खरं काय ते तिथे कळतं.

"राहा ना," ते म्हणाले. "फक्त मिक्सरला हात लावू नका. तो चालतोय."

चिमी रडता रडता हसली. "दादाकडचा चांगला हीटर पण उघडला होता म्हणे."

म्हणजे दोघांचे फोन रोज चालू होते. माझा संशय अगदीच खोटा नव्हता. पण जावयांच्या चेहऱ्यावर मला नको असल्यासारखं काही दिसलं नाही, आणि मी बराच वेळ शोधलं.

"उद्याचं तिकीट बघा," मी म्हणालो.

"चिडून निघालात?" चिमीने विचारलं.

"चिडूनच. तुझ्या आईवर."

गावी पोचल्यावर आधी शिंप्याकडे गेलो. म्हटलं, "गाळा देत नाही. मला माफ कर."

इतकी वर्षं मागे लागलेला माणूस. आता भांडेल, निदान तोंड वाकडं करेल, अशी माझी तयारी होती. तो शिवत होता, शिवतच राहिला. "बरं झालं," म्हणाला. "मुलांकडची हवा मानवली नाही वाटतं?"

मी त्याच्याकडे बघत राहिलो. हवेचं याला कुणी सांगितलं? ही दुपारी त्याच्याकडे बटणं लावून घ्यायला जायची.

"तुझी वहिनी काही बोलली होती का तुझ्याशी?" मी विचारलं.

"सुई ओवायची आहे," तो म्हणाला. "जरा उजेड सोडा."

मी बाजूला झालो आणि माझ्या दुकानाचं शटर वर केलं.