चेंडूवरचा त्रिकोण

मी आता अडगळीत पडलेला एक जुना फळा आहे. मित्रांनो, एका सुताराने रंधा मारून मला गुळगुळीत केले, काळा रंग दिला आणि सातवीच्या वर्गात टांगले. तुम्हाला माझ्यावरची अक्षरे दिसत. मला तुमचे चेहरे दिसत. त्याहून मोठे सुख मला कधी मिळाले नाही.

मागच्या बाकावर एक मुलगी बसे. सारखे ‘का?’ विचारायची, म्हणून मुले तिला ‘काबाई’ म्हणत. गणितात ती पायऱ्या न मांडता नुसते उत्तर लिही. सर मार्क कापत आणि म्हणत, “हिचं लक्षच नसतं.” हळूहळू तिने विचारणेच सोडले. खिडकीबाहेर बघत बसे.

मग नव्या बाई आल्या. त्यांनी माझ्यावर त्रिकोण काढला आणि सांगितले, “तिन्ही कोनांची बेरीज नेहमी एकशे ऐंशी.”

मागून हळूच आवाज आला, “बाई, चेंडूवर काढला तरी?”

वर्ग खो खो हसला. बाई मात्र हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या मोठा चेंडू घेऊन आल्या. “काढून दाखव.” मुलीने खडूने तीन रेघा ओढल्या. तिन्ही कोपरे काटकोन, बेरीज दोनशे सत्तर!

त्या दिवसापासून बाई तिच्यावर नजर ठेवू लागल्या. ती कशात रमते, कुठे कंटाळते, काय विचारते, सगळे बघत. तिच्यासाठी माझ्या कोपऱ्यात रोज एक अवघड कोडे लिहीत. मुलगी पुन्हा माझ्याकडे बघू लागली!

बाईंनी तिच्या वडिलांना बोलावले. ते गॅरेजमधून तसेच काळ्या हातांनी आले. “काय उद्योग केला हिनं?”

“काही नाही हो. हिला वरच्या वर्गाचं गणित द्यायला हवं.”

हेडसर म्हणाले, “अहो, काठावर पास होते ही!”

“मार्क बघितलेत ना सर? आता जरा हिला बघा.”

हेडसर वर्गात बसले. मुलगी माझ्यासमोर उभी राहिली. बाईंनी नववीचे एक गणित घातले आणि त्याची सगळी मांडणी तिने न अडखळता समजावली. हेडसरांनी एकेक पायरी तपासली. मग म्हणाले, “उद्यापासून गणिताला नववीत बस.”

पुढे ती मोठ्या शाळेत गेली. जाताना माझ्यावरून एकदा हात फिरवला. तो स्पर्श अजून आठवतो.

नंतर पांढरा फळा आला आणि मी इथे, भिंतीकडे तोंड करून. पण झुरतो मी त्या मुलांसाठी, जी मुले बाई येण्याआधी माझ्यासमोर बसून गेली. त्यांच्याही डोळ्यांत असेच काही चमकले होते. मी पाहिले होते, पण मला बोलता कुठे येत होते? आणि विचारणारे कुणी नव्हते.

मित्रांनो, शेजारच्याने वेडावाकडा प्रश्न विचारला तर हसू नका. आणि जमले तर मला वर्गाकडे वळवून ठेवा. नवा रंग नको. मला फक्त चेहरे बघायचे आहेत.