घरी पोचवणारी चित्रकथा

थांबा, थांबा मित्रांनो! तिकडून नाही, इकडून उघडा मला. मी एक जुनी जपानी चित्रकथा आहे. तुमच्या पुस्तकांचा शेवट असतो ना, तिथे माझी सुरुवात असते.

मला काढणाऱ्या बाई हिरोशिमाच्या. बॉम्ब पडला तेव्हा त्या लहान होत्या. म्हातारपणी ते सगळं सांगायला बसल्या, पण शब्दच फुटेनात, म्हणून नुसती चित्रं काढली. पहिल्या पानावर आई भात वाढते आहे आणि धाकटा भाऊ वाटी पुढे करतो आहे. मग एक लख्ख उजेड. शेवटच्या पानावर राखेत एकटी उभी मुलगी.

एका जपानी कुटुंबाबरोबर मी सिंगापूरला आले. ते मायदेशी परतले आणि मी तिथल्या पुंगोल भागातल्या एका इमारतीखाली, कुणीही ठेवावं, कुणीही न्यावं अशा फळीवर पडून राहिले. लोक चाळायचे आणि "यात काही लिहिलेलंच नाही" म्हणून ठेवून द्यायचे. फार वाईट वाटायचं हो!

एके दिवशी वरच्या मजल्यावरच्या एकताने मला घरी नेलं. चौथीतली पोर, पण प्रश्न विचारून भंडावून सोडणारी. तिने सोफ्यावर पालथं पडून मला उघडलं, तेही डावीकडून! तिला आधी राख दिसली, मग उजेड, आणि शेवटी भात वाढणारी आई.

"बाबा, सो नाइस ला! सगळे घरी आले!" ती अस्सल सिंगापुरी ढंगात ओरडली.

"अगं, जपानी पुस्तक उजवीकडून वाचतात," तिचे बाबा, समीर, बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

एकताने मला पुन्हा पाहिलं, नीट बाजूने. या वेळी आई हरवली, भाऊही हरवला. ती हमसून हमसून रडायला लागली.

"हे खाली ठेवून येतो मी," बाबा म्हणाले.

पुन्हा ती फळी? बाईंचं सांगणं ऐकणारी ही एकच तर भेटली होती!

"नको ना बाबा! तो भाऊ सापडला का? तिला जेवायला कुणी दिलं?"

बाबांना ठाऊक नव्हतं. मलाही नाही, माझी पानं तिथेच संपतात.

एकताने डोळे पुसले आणि राखेच्या पानापासून मला एकेक पान उलटं चाळत आणलं. "मी तिला घरी पोचवते," ती म्हणाली. बाबा तिच्याशेजारी बसले.

तेव्हापासून मी तिच्या उशाशी असते. ती मला दोनदा वाचते, एकदा काय झालं ते कळायला आणि एकदा मुलीला घरी सोडायला. मित्रांनो, मी कधी तुमच्या हाती आले, तर घाबरून बाजूला टाकू नका. प्रश्न विचारा. आणि मिटण्याआधी त्या मुलीला आईच्या पानावर आणून सोडा, तिथे भात अजून गरम आहे.