अंगठ्याची शिवण

“यात काय खोट आहे, तेवढी दाखवा,” असं म्हणून काकूंनी माझ्या टेबलावर एक हातमोजा ठेवला.

मी कंपनीत बिलं पास करतो. एकवीस वर्षं हेच करतोय, त्यामुळे मला माल कळतो तो कागदावरचा. तरी मी हातमोजा उचलला, उलटा केला, सुलटा केला, बोटं ओढून पाहिली. आमच्या भट्टीवरच्या माणसांसाठी काकूंच्या कारखान्यात शिवलेला, जाड कापडाचा, चांगला मजबूत नग होता.

“मला तर काही दिसत नाही.”

“मग पैसे का कापता? बिल ऐंशी हजारांचं, हातात येतात अठ्ठ्याहत्तर. आठ महिने झाले. दोन वर्षांपूर्वी अंगठ्याची शिवण उसवते म्हणून कापले होते, तेव्हा चूक आमची होती. मी चकार शब्द काढला नाही. पण आता सगळं करून बसले. दोरा बदलला, सुया बदलल्या. शेवटी जाऊबाईंना काढलं. तरी कापणं चालूच.”

“जाऊबाईंना काढलंत?”

“अंगठे त्याच लावायच्या. नजर कमी झालीय त्यांची. म्हटलं, त्यांच्याच हातून होत असणार.” काकूंनी खिडकीकडे पाहिलं. “शिवण मला त्यांनीच शिकवली. एका मशीनवर दोघींनी सुरुवात केली होती. पण आपलेच दात आपलेच ओठ म्हणून किती दिवस गप्प बसायचं? कारखान्यात आणखी अकरा बायका आहेत.”

मी कॉम्प्युटरवर काकूंचं खातं उघडलं. खरं तर उघडायची गरजच नव्हती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं मला केव्हाच कळलं होतं.

आमची कंपनी माल घेतल्यावर तीन महिन्यांनी पैसे देते. ज्याला घाई असेल त्याला बँक चार दिवसांत देते आणि त्याबद्दल अडीच टक्के ठेवून घेते. योजना वाईट नाही. गरज असेल त्याने, गरज असेल त्या बिलापुरती घ्यावी. पण साहेबांनी मला तीस पुरवठादार जोडायला सांगितले होते. वर्ष संपत आलं तेव्हा माझे एकोणतीस झाले होते. त्याच दिवशी काकू बिल द्यायला आल्या. मी म्हणालो, “काकू, पैसे चार दिवसांत मिळतील.” ते खरं होतं. पुढचं अर्धं मी बोललोच नाही. “तुम्ही आहात ना, मग मला काय बघायचंय,” म्हणून त्यांनी फोनच माझ्या हातात दिला. मी नाव भरलं, आणि ‘प्रत्येक बिलाला आपोआप’ या चौकोनात खूण करून टाकली. एकदा केली की कटकट नाही, असा विचार केला. कटकट माझी, त्यांची नव्हे. मला बक्षीस म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घरी लावलंय, रोज पाच मिनिटं पुढे जातं.

“काकू, जरा फोन द्या.”

खूण काढायची तर त्यांच्या फोनवर आकडा येतो. तो त्यांनी मला शाळेतल्या मुलीसारखा एकेक करून वाचून दाखवला. खूण निघाली.

“झालं?”

“झालं. आता नाही कापणार.”

“देव भलं करो तुमचं. मी उगीच इतके दिवस लाजत बसले.” आणि त्या गेल्या. हातमोजा टेबलावरच राहिला.

मी सुटलो होतो. कुणाला काही कळणार नव्हतं. दुपारचा डबा उघडला, तसाच बंद केला. चार बिलं पास केली, त्यातली दोन चुकीची. शेवटी अर्धी रजा टाकली, हातमोजा खिशात कोंबला आणि काकूंच्या कारखान्यावर गेलो.

बारा मशीन होती, अकरा चालू होती. बाराव्यावर चादर घातली होती.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. मशीन एकेक करून थांबत गेली, त्यामुळे शेवटचं वाक्य फार मोठ्याने ऐकू आलं.

“म्हणजे माल चांगला होता,” काकू म्हणाल्या.

“हो.”

“आणि सकाळी माझ्याच फोनवरून तुम्ही हळूच निस्तरून घेतलंत. वर मी तुम्हाला आशीर्वाद दिला.”

“हो,” मी पुन्हा म्हणालो.

“कधीमधी मी घेतलेही असते हो लवकर पैसे. पगाराच्या वेळी ओढाताण होतेच. पण विचारलं असतंत तर.” त्या उठल्या. “चला. हे त्यांना तुम्हीच सांगा. भिंतीपलीकडेच राहतात. चार महिने आमचं बोलणं नाही.”

जाऊबाई दाराशी, उजेडात बसल्या होत्या. एका बाजूला हातमोज्यांचा ढीग, दुसऱ्या बाजूला नुसते कापडाचे तुकडे आणि दोऱ्यांचा गुंता. हातात ब्लेड. एका हातमोज्याचा अंगठा त्या टाका टाका उसवत होत्या.

“हे काय?” काकूंनी विचारलं.

“माझ्या हातचे आहेत, जुने. म्हटलं, कुठं चुकतंय ते आपलं आपण बघावं.” त्यांनी मान वर केली नाही. “सापडत नाही गं. फार बघितलं.”

मी दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. पहिल्यापेक्षा सोपं जाईल असं वाटलं होतं, गेलं नाही. माझी मलाच शरम वाटत होती आणि ती कुठे ठेवावी ते कळत नव्हतं.

“पैसे कापले जातील हे तुम्हाला माहीत होतं?” जाऊबाईंनी विचारलं.

“होतं.”

“मला काढल्याचं?”

“ते आज कळलं.”

“बरं.”

त्यांनी ब्लेड कागदात गुंडाळून ठेवलं. मग ढिगाशेजारची सुई उचलली, दोरा तोंडात ओला केला आणि ओवू लागल्या. एकदा चुकला, दोनदा चुकला. काकू जवळ बसल्या, त्यांच्या हातातून सुई घेतली, ओवली, गाठ मारली आणि परत दिली.

जाऊबाई उसवलेला अंगठा जागी बसवून टाके घालू लागल्या. मला कुणी बसा म्हणालं नाही, जा असंही म्हणालं नाही. मी खिशातला हातमोजा काढून त्यांच्या ढिगावर ठेवला आणि तसाच उभा राहिलो.